अंगवळणी पडलेली पापे : प्रस्तावना

सिल्वाशातल्या ख्रिस्ती माणसाला पाप म्हणजे काय असे विचारले, तर पहिले उत्तर बहुधा ‘दारू’ असे येते. त्याला कारण आहे. एका अंगाला दारूबंदीचा गुजरात, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र, आणि मध्ये जेमतेम पाचशे चौरस किलोमीटरचा हा दादरा-नगर हवेलीचा मुलूख, जिथे बाटली राजरोस मिळते. वापीकडून येणाऱ्या रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी गाड्या कशासाठी वळतात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्यामुळे इथल्या मंडळ्यांमध्ये लोक उभे राहून साक्ष देतात ती पुष्कळदा बाटली सुटल्याची असते. त्या साक्षी खऱ्या असतात. खानवेल, मांदोनीकडच्या पाड्यांवर दारूपायी संसार कसे उघड्यावर येतात हे ज्याने पाहिले आहे, तो त्यांना हसणार नाही.

पण दारू सोडल्यानंतरच्या वर्षांची साक्ष मी कधी ऐकलेली नाही. बाटली सुटली, कारखान्यात नोकरी टिकली, पैसा उरला, घरामागच्या जागेत पत्र्याची दहा खोल्यांची चाळ उभी राहिली. चाळीत ओडिशाची, बिहारची पोरे भाड्याने आली. प्रत्येक खोलीला सबमीटर बसवला आणि विजेचे पैसे युनिटमागे दोन-तीन रुपये चढवून घ्यायला सुरुवात झाली. पाण्याची मोटर दिवसातून दोनदाच चालू करायची, त्या वेळी जो कामावर असेल त्याने आपले बघावे. हा मालक दर रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर असतो, दशमांश चुकवत नाही, आणि त्याला कोणी पापी म्हटले तर त्याला मनापासून धक्का बसेल. तो ढोंगी नाही. त्याला जी यादी शिकवली गेली तिच्यात सबमीटर नव्हता, एवढेच.

हे पुस्तक म्हणजे त्या यादीबाहेरच्या पापांवरच्या टिपणांचा संग्रह आहे. या विषयावर लिहिताना ‘लहानसहान पापे’ किंवा ‘छुपी पापे’ असे म्हणायची पद्धत आहे. मला दोन्ही शब्द लबाड वाटतात. सबमीटर छुपा नसतो, दारात भिंतीवर लावलेला असतो. आणि ज्याच्या पगारातून ते पैसे जातात त्याला तो लहानही वाटत नाही. ही पापे दिसत नाहीत, कारण ती न पाहण्यात आपल्या सगळ्यांची सोय असते. यादी नेहमी कोणीतरी करतो, आणि करणारा आपले अंगण वगळून करतो. ख्रिस्ती परंपरेने पापावर दोन हजार वर्षे जे चिंतन केले, त्याचा मोठा भाग म्हणजे या वगळलेल्या अंगणाकडे पुन्हा पुन्हा परत येण्याची धडपड आहे. नव्या वाचकासाठी तिचा थोडा माग काढतो.

सुरुवात वाळवंटात होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या संन्याशांमध्ये इव्हॅग्रियस नावाचा एक विद्वान होता. त्याने आठ दुष्ट विचारांची मांडणी केली. हे आठ विचार आहेत, आठ कृत्ये नव्हेत, हे महत्त्वाचे. खोपटात एकटा बसलेला संन्यासी चोरी करणार कुणाची? पण हाव त्याच्याही मनात येते, रागही येतो, आणि भर दुपारी तो कंटाळा येतो ज्याचे वर्णन इव्हॅग्रियसने फार मजेशीर केले आहे: सूर्य जागचा हलेना, जेवणाची वेळ होईना, म्हणून संन्यासी सारखा दाराकडे पाहतो, कोणी भेटायला येते आहे का म्हणून डोकावतो, या जागेलाच नावे ठेवतो. आजच्या वाचकाला त्या संन्याशाच्या हातात मोबाइल दिसला तर नवल नाही. योहान कासियानने ही मांडणी पश्चिमेकडे नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने तिची फेररचना केली. त्यातूनच पुढे गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस ही प्रसिद्ध सात पापे पक्की झाली.

इथे एक गंमत झाली. एका माणसाने स्वतःचे मन तपासायला केलेली नोंद सगळ्यांना शिकवायची यादी बनली, आणि यादी बनताच ती शेजाऱ्यावर चालवता येऊ लागली. आयर्लंडच्या मठांनी तर प्रत्येक पापापुढे उपासाचे दिवस लिहिलेल्या वह्याच तयार केल्या. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे सर्वांना बंधनकारक केले. जड पापे कोणती, हलकी कोणती, याचा बारीक हिशेब लागला. हिशेब लागला की हलक्या खात्यात काय काय सारता येते हेही माणूस शिकतोच.

त्याच परंपरेतून एक चांगली गोष्टही निघाली. इग्नेशियस लोयोलाच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ साली छापल्या गेल्या. त्यातली रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत अशी की दिवस सकाळपासून पुन्हा मनातून चालवायचा, आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे, मग कुठे घसरलो ते बघायचे. इथे यादी हातात घेऊन दिवस तपासायचा नसतो, दिवसाकडे पाहता पाहता पाप दिसते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि या पुस्तकाची पद्धत त्याच्या जवळची आहे. इग्नेशियसच्याच येशूसंघाचा थॉमस स्टीफन्स गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूरला त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. म्हणजे माणसाच्या पतनाची ख्रिस्ती कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षे उलटून गेली.

मार्टिन ल्यूथर तरुणपणी पापनिवेदनाला तासन्‌तास बसत असे. त्याचे निवेदन ऐकणारा श्टाउपित्स अक्षरशः कंटाळून जाई. ल्यूथरच्या लक्षात आले ते हे की यादी कधी संपतच नाही, कारण दोष सुट्या कृत्यांत नाही, स्वतःकडेच वळलेल्या मनात आहे. १५१७ सालच्या त्याच्या पंचाण्णव प्रबंधांतला पहिलाच प्रबंध सांगतो की पश्चात्ताप हा आयुष्यभराचा उद्योग आहे. त्या विचारातून प्रोटेस्टंट पंथांमध्ये आत्मपरीक्षण धर्मगुरूच्या कानातून निघून रोजनिशीत आले. इंग्लंडचे प्युरिटन रोजनिशी लिहू लागले. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये जॉन वेस्ली आणि त्याचे मित्र एकमेकांना नेमाने प्रश्न विचारू लागले. रोजनिशीत एक धोका होता. स्वतःचाच प्रश्न, स्वतःचेच उत्तर, आणि वाचणाराही स्वतःच. वेस्लीच्या मंडळाने निदान दुसरा माणूस समोर बसवला.

मराठी वाचकाला मात्र युरोपच्या वाटेने या विषयाकडे जायची गरज नाही. तुकोबांच्या अभंगांत स्वतःच्या दोषांची जी उघड कबुली आहे, तिच्यापुढे कित्येक युरोपीय रोजनिश्या सावधपणे लिहिलेल्या वाटतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असे सांगत, ते उगाच नाही. १८४२ पासून चाललेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने मिशनऱ्यांची पापकल्पना मराठीत आणली. पण तिला इथल्या मातीत उभे केले ते आपल्याच लोकांनी, आणि त्यासाठी त्यांना मिशनऱ्यांशी दोन हात करावे लागले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वॉन्टेजच्या मठात राहिल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. जेरल्डीनबाईंना रमाबाईंचा गर्व दिसतो. रमाबाई मांस-अंडे खात नाहीत, त्यात त्यांना जातीचा अभिमान दिसतो. रमाबाई धर्मसिद्धान्तांना प्रश्न विचारतात, त्यात त्यांना अवज्ञा दिसते. रमाबाई पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर बिशपांना तर फारच मोठे संकट दिसते. आता जेरल्डीनबाईंचे म्हणणे सगळे खोटे होते का? शाकाहारात जातीचा अंश मुळीच नव्हता असे छातीठोकपणे कोणी सांगावे? पण ज्या बाईने वसाहतीतून आलेल्या एका विदुषीला काय खावे, कोणाला शिकवावे हे सांगायचा अधिकार गृहीत धरला, तिच्या स्वतःच्या यादीत साम्राज्याचा गर्व कुठेच नव्हता. तो गर्व तिला दिसला नाही, कारण तो तिच्या आसपासच्या प्रत्येक सज्जन माणसात होता. हे पुस्तक वाचताना ज्याला आपण जेरल्डीनबाईंपेक्षा बरे आहोत असे वाटेल, त्याने मोलकरणीचा चहा आपण कोणत्या भांड्यात देतो ते एकदा आठवावे.

रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे जागरण झाले, त्यात शेकडो मुली-बाया रडत उघडपणे पापे कबूल करत होत्या. पापाच्या कबुलीचा हा तिसरा प्रवाह: धर्मगुरूचा कान नाही, रोजनिशी नाही, सगळ्या मंडळीसमोर आक्रोश. आज आपल्याकडच्या स्वतंत्र मंडळ्यांची उपासना बरीचशी त्याच सुरात चालते. तिच्यातली उत्कटता खोटी म्हणायचे धाडस मी करणार नाही. फक्त इतकेच की रडून कबूल करायला जी पापे लागतात ती नाट्यमय असावी लागतात. कामवालीचा पगार पंधरा तारखेपर्यंत लांबवला, यावर कोणी हुंदके देत नाही.

आणि मग लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ हे पापावरचे पुस्तक म्हणून कोणी वाचत नाही, पण माझ्या मते मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आत्मपरीक्षणाचे त्याहून चांगले पुस्तक नाही. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. वडिलांच्या कडकडीत सोवळ्यापायी घरादाराने काय सोसले ते त्या सांगतात, नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा, चंचल, उदार, संतापी स्वभाव सांगतात, स्वतःच्या मनातला विटाळ किती चिवट होता तेही सांगतात. आणि हे सगळे हसत हसत. स्वतःला फटके मारणे नाही, देवासमोर नाटक नाही. ज्या पापावर हसता येते त्याची पकड ढिली झालेली असते असे मला लक्ष्मीबाई वाचून वाटू लागले. या संग्रहातल्या काही टिपणांमध्ये विनोद आहे. संपादकांना भीती होती की वाचक म्हणतील, पापासारखा गंभीर विषय आणि हे काय. अशा वेळी संपादकांनी लक्ष्मीबाईंकडे बोट दाखवावे.

विसाव्या शतकात या क्षेत्राला मोठे वळण मिळाले. १९६८ साली कोलंबियातल्या मेडेयीन शहरात लॅटिन अमेरिकेचे कॅथलिक बिशप जमले आणि अन्यायी समाजरचनेलाच पाप म्हणू लागले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ आणि १९८७ च्या आपल्या लेखनात सामाजिक पाप आणि पापाच्या रचना ही कल्पना स्वीकारली, मात्र एक इशारा देऊन: रचनेला दोष देऊन माणसाने आपली मान सोडवून घेऊ नये. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ने सृष्टीची नासधूस पापाच्या यादीत ठळकपणे आणली. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिक आणि हरित वसई संरक्षण समितीच्या मार्फत पाणी, झाडे आणि बिल्डर यांबद्दल त्याआधी पाव शतक बोलत होतेच. तेव्हा पुष्कळ भाविकांना वाटायचे की धर्मगुरूने मिस्सा करावी, विहिरींचे पाणी कुठे जाते याच्या चौकशा कशाला. २०२० साली हेच फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्याच भाविकांना अभिमान वाटला. पाप दाखवणारा माणूस उशिरा आवडू लागतो.

इंग्रजी वाचणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळींमध्ये हा विषय अलीकडे पुन्हा रुळला तो मुख्यतः जेरी ब्रिजेस या अमेरिकी लेखकाच्या २००७ सालच्या ‘रिस्पेक्टेबल सिन्स’ या पुस्तकामुळे. काळजी, कृतघ्नता, अधीरपणा, दुसऱ्याचा न्याय करत बसणे, जिभेची पापे, अशी प्रतिष्ठित पापे त्याने एकेक करून हातात घेतली. पुस्तक प्रामाणिक आहे, लेखक स्वतःला वगळत नाही. पण ते बहुतेक मध्यमवर्गीय अमेरिकी घराच्या उंबऱ्याआत राहते. त्या घरात चाळ नाही, भाडेकरू नाही, वेगळा कप नाही, आणि जात तर नाहीच. त्याचे भाषांतर करून वाटणे सोपे होते. ते न करता इथल्या लोकांनी इथले लिहायचे ठरवले, याबद्दल संपादकांचे आभार मानले पाहिजेत.

आणखी एक आक्षेप इथेच नोंदवतो, कारण तो या क्षेत्रातला सर्वांत टोकदार आहे. १९६० साली व्हॅलरी सेविंग या अमेरिकी अभ्यासक बाईंनी एका निबंधात विचारले की सगळे धर्मपंडित गर्वाला मूळ पाप मानतात, पण हे पंडित सगळे पुरुष आहेत त्याचे काय? जिला लहानपणापासून स्वतःला पुसून टाकायलाच शिकवले, तिला ‘गर्व सोड’ असा उपदेश करणे म्हणजे तिच्या खऱ्या दुखण्यावर आणखी मीठ. तिचे पाप असलेच तर स्वतःला हरवून बसण्याचे आहे. हे वाचल्यावर मला आमच्याकडच्या विवाह-मार्गदर्शनाच्या वर्गातले उपदेश आठवले. बायकोला नम्रतेचे धडे, नवऱ्याला फार तर ‘जरा समजुतीने घ्या’. मंडळीत मऊ बोलणारा आणि घरी ताट भिरकावणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्याचा राग ‘स्वभाव’ असतो. त्याच्या बायकोने माहेरी जाऊन राहायचे म्हटले की ते मात्र पाप ठरते.

आता सिल्वाशाकडे येऊ, कारण हे पुस्तक इथे लिहिले गेले याला अर्थ आहे. पोर्तुगीजांना नगर हवेली १७८३ साली मराठ्यांकडून मिळाली, दादरा त्यांनी १७८५ साली घेतले. १८८५ साली सिल्वासा मुख्य ठाणे झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथले जुने चर्च उभे राहिले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा मुलूख मुक्त झाला. दादऱ्यात शिरलेल्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सचे नेते फ्रान्सिस मस्करेन्हस होते हे इथल्या ख्रिस्ती मुलांना शाळेत सांगायला हवे. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला. पोर्तुगीजांनी दिलेल्या अल्वारा जमिनींचा हक्क १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्याने रद्द झाला, पण त्यावरची कोर्टकज्जांची वाटचाल पुढे कित्येक दशके चालली. मग करसवलती आल्या, सूत आणि प्लॅस्टिकचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर देशभरची माणसे आली.

त्यामुळे इथली ख्रिस्ती वस्ती एकजिनसी नाही. पोर्तुगीज काळापासूनची मोजकी कॅथलिक घराणी, गोव्याहून आलेले लोक, केरळी नर्सा आणि शिक्षक, तमिळ पर्यवेक्षक, झारखंड-ओडिशाचे कामगार, आणि पाड्यांवरचे वारली, कोकणा विश्वासी. रविवारी चर्चच्या आवारात उपासना संपल्यावर जरा बाजूला उभे राहून पाहा. पाच मिनिटांत माणसे भाषेप्रमाणे, आणि भाषेच्या आत पगाराप्रमाणे, वेगळी होतात. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल संतापला होता. आपल्याकडे नाताळच्या जेवणाला तसे होत नाही. आपल्याकडे फक्त पंगती आपोआप लागतात.

इथल्या पापाच्या यादीचा इतिहासही पाहायला हवा. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला की त्याला काय सोडायला सांगितले जाते? दारू, भगताकडे जाणे, पुष्कळदा तारप्यावरचा नाचसुद्धा. त्यातले काय पाप आणि काय निव्वळ आपल्याला परके वाटणारे, याची छाननी फारशी होत नाही. उलट त्याच्याकडून वेठ घेणाऱ्याचे काय? शेजारच्या उंबरगाव-तलासरी पट्ट्यात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा ते पाप चव्हाट्यावर आणले किसान सभेच्या लाल बावट्याने. त्या उठावावरचे गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मी बायबल-अभ्यासाच्या वर्गात लावायला हवे असे म्हणतो, तेव्हा लोकांना तो विनोद वाटतो. देवाने संदेष्टे नेहमी आपल्याच कळपातून पाठवले असे बायबल कुठेच म्हणत नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजापुढे गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, ती ऐकून राजा भडकला, आणि मग त्याला कळले की गोष्ट त्याचीच आहे. दुसऱ्याची गोष्ट म्हणून ऐकल्याशिवाय माणूस आपली ऐकत नाही.

हे आत्ताच कशाला, असा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला. तो प्रश्न प्रामाणिक आहे. देशात ख्रिस्ती माणसाकडे संशयाने पाहिले जाण्याचे प्रसंग वाढले आहेत, प्रार्थनासभा भरवायची तर चार वेळा विचार करावा लागतो. अशा वेळी आपलीच उणी-दुणी छापून काढायची, म्हणजे विरोधकांच्या हातात कोलीत देण्यासारखे नाही का? मला ही भीती कळते. पण वेढ्यात अडकलेला समाज स्वतःकडे पाहायचे थांबवतो, हे त्या समाजाचे सर्वांत मोठे नुकसान असते. बाबेलची फौज वेशीवर होती तेव्हाच यिर्मया यरुशलेमेच्या पापांबद्दल बोलत होता. त्याला देशद्रोही ठरवून चिखलाच्या विहिरीत टाकले, हेही खरे. शिवाय ज्यांना कोलीत हवे आहे त्यांना या पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे कारण आपल्या खिशात आहे. मंडळीचा व्हॉट्सॲप समूह उघडा. ‘अमक्या बहिणीसाठी विशेष प्रार्थना करा, घरात जरा वातावरण ठीक नाही.’ खाली हात जोडल्याची चित्रे. मग एकाचा प्रश्न: ‘काय झालं?’ मग दोघांचे खासगीत बोलणे. रात्रीपर्यंत त्या बहिणीच्या घरातले भांडण अथालपासून नरोलीपर्यंत पोचलेले असते, आणि वाटेत एकाही माणसाने चहाडी केलेली नसते. सगळ्यांनी प्रार्थनाच केलेली असते. याकोबाच्या पत्रात जिभेबद्दल जे लिहिले आहे ते अंगठ्यालाही लागू पडेल, हे त्या काळी कोणाला सुचले असते?

या संग्रहाने काय करायचे ठरवले आहे ते आता थोडक्यात. लिहिणारे वेगवेगळ्या पंथांचे आहेत. पापनिवेदनाला जाणारे आहेत, न जाणारेही आहेत. प्रत्येक टिपण एखाद्या रोजच्या प्रसंगापासून निघते आणि पापाचे नाव शेवटी घेते, काही ठिकाणी घेतही नाही. नावे, गावे बदललेली आहेत. सात पापांची चौकट मुद्दाम वापरलेली नाही. पैसा, जीभ, घर, जात, पाणी आणि वेळ अशी ढोबळ ठाणी आहेत, पण ती एकमेकांत मिसळतात, आणि तसेच व्हायला हवे. लग्नाच्या स्थळांवरचे टिपण घ्या. बाप्तिस्म्याच्या वेळी जात सोडलेली घरे सोयरीक जमवताना ‘आपल्यातले’ आहेत का हे किती नाजूक शब्दांत विचारतात, याची त्यात जी संभाषणे आहेत ती पैशाचीही आहेत आणि जिभेचीही. पाण्यावरच्या टिपणात लेखक कारखान्यात नोकरी करतो. दमणगंगेचे पुढे वापीपाशी काय होते हे जाणून तो पगार घेतो, आणि स्वतःला सोडवत नाही. नोकरी सोडावी की सोडू नये, यावर मात्र तो गप्प आहे. मला ते गप्प राहणे खटकले. संपादकांना खटकले नाही.

एक सावधगिरी. काही मने अशी असतात की त्यांना हे पुस्तक नको तितके लागेल. रोज रात्री झोपण्याआधी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे लोक मंडळ्यांमध्ये असतात, आणि ते बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतात. ल्यूथरला श्टाउपित्सने जे सांगितले ते त्यांनीही ऐकावे: आपल्या पापांकडे टक लावून बसण्याऐवजी ख्रिस्ताकडे पाहावे. ज्यांना ही टिपणे वाचून फक्त ओळखीचीच माणसे आठवतील, कोणासाठी लिहिले आहे ते लगेच कळेल, त्यांच्यासाठी हे पुस्तक जास्त लिहिलेले आहे.

एका उणिवेबद्दल बोलायला हवे. लिहिणाऱ्यांत एकही रोजंदारीवरचा माणूस नाही, आणि घरकाम करणारी एकही बाई नाही. सबमीटरवरचे टिपण एका घरमालकाने लिहिले आहे. ते चांगले आहे, पण खोलीत राहणाऱ्याने लिहिले असते तर त्यात दुसरेच काही आले असते, कदाचित मालकाला सुचलेच नाही असे. यादी करणारा आपले अंगण वगळतो हे खरे असेल, तर या पुस्तकाचेही काही अंगण वगळले गेलेच असणार. हे मी संपादकांना बोलून दाखवले. त्यांनी खानवेलकडच्या दोन मंडळ्यांमध्ये आणि मसाटच्या एका चाळीत ही टिपणे वाचून दाखवायचे ठरवले आहे, पाड्यांवर वारलीत आणि चाळीत हिंदीत. ऐकणारे जे बोलतील ते उतरवून दुसऱ्या छपाईत घालायचे, असा त्यांचा बेत आहे. भाडेकरूंपैकी कोणी मालकाच्या देखत तोंड उघडेल का, याची मला शंका वाटते, म्हणून वाचनाला मालकांनी येऊ नये असे मी सुचवले. त्यावर अजून वाद चालू आहे.